ग्लासगो शहराचे नगरचिन्ह: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ग्लासगोला शिकायला गेलेले विद्यार्थी, त्यांना भेटायला जाणारे आईवडील आणि जुन्या मोहरा-चिन्हांची आवड असणारे वाचक स्कॉटलंडमधील या शहराच्या नगरचिन्हाविषयी जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते येथे एकत्र केले आहेत. सोपे प्रश्न आधी घेतले असून किचकट प्रश्न शेवटाकडे आहेत. एखाद्या मुद्द्याचा खुलासा दुसऱ्या उत्तरात आला असेल, तर तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. ग्लासगोच्या नगरचिन्हावर नेमके काय काय दाखवले आहे?

मध्यभागी पांढरी किंवा रुपेरी ढाल आहे. ढालीच्या तळाशी हिरवा उंचवटा असून त्यावर ओकचे झाड उभे आहे. झाडाच्या शेंड्यावर रॉबिन पक्षी बसला आहे, बाजूला जुन्या घडणीची हातघंटा आहे आणि बुंध्यापाशी सॅमन मासा उताणा पडलेला असून त्याच्या तोंडात सोन्याची मुद्रिका आहे. ढालीच्या वर संत मंगो यांची अर्धाकृती आहे. त्यांच्या अंगावर बिशपचा पोशाख व डोक्यावर बिशपचा मुकुट असून उजवा हात आशीर्वादासाठी उचललेला आणि डाव्या हातात धर्मदंड धरलेला आहे. ढालीला दोन्ही बाजूंनी दोन सॅमन मासे आधार देतात आणि त्यांच्याही तोंडात एकेक मुद्रिका आहे. सोबतच्या पट्टीवर शहराचे ब्रीदवाक्य लिहिलेले असते (प्रश्न १० पाहा).

या चिन्हात तलवार नाही, तटबंदी नाही आणि सिंहही नाही. एडिनबराच्या चिन्हावर खडकावरचा किल्ला आहे आणि ॲबर्डीनच्या चिन्हावर तीन बुरूज आहेत. ग्लासगोने मात्र एका धर्मगुरूच्या चार कथा ढालीवर घेतल्या, आणि त्यांपैकी दोन तर त्याच्या लहानपणीच्या आहेत. हे चिन्ह वाचताना ही गोष्ट सर्वांत आधी लक्षात घ्यावी.

२. संत मंगो कोण होते? केंटिगर्न आणि मंगो ही दोन वेगळी माणसे आहेत का?

व्यक्ती एकच आहे. केंटिगर्न हे औपचारिक नाव आणि मंगो हे लाडाचे. ते सहाव्या शतकात होऊन गेले आणि सातव्या शतकाच्या आरंभी त्यांचे निधन झाले, असे मानतात. त्यांचा स्मृतिदिन १३ जानेवारीला पाळला जातो.

परंपरेने सांगितलेली कथा अशी. लोथियनच्या राजाची मुलगी थेनेव हिला लग्नावाचून दिवस गेले, तेव्हा बापाने तिला कड्यावरून लोटून देण्याची शिक्षा दिली. त्यातून ती वाचली म्हणून तिला एका लहानशा होडीत बसवून समुद्रात सोडून देण्यात आले. ती होडी फोर्थच्या खाडीत कुरॉस या गावी काठाला लागली आणि तेथे तिने मुलाला जन्म दिला. गावातील संत सर्फ यांनी मायलेकांना आसरा दिला आणि मुलाला आपल्या मठात वाढवले. पुढे मोठेपणी मंगोंनी फर्गस नावाच्या एका वृद्ध साधूचे पार्थिव दोन बैलांच्या गाडीवर ठेवले आणि जेथे बैल थांबतील तेथे दफन करायचे ठरवले. बैल थांबले ती जागा म्हणजे आजचे ग्लासगो कॅथीड्रल. मंगो यांची समाधी त्याच कॅथीड्रलच्या खालच्या दालनात आहे. थेनेव या नावाचे कालांतराने ‘एनॉक’ झाले, आणि शहराच्या मध्यभागी असलेला सेंट एनॉक चौक या मातेच्याच नावाचा आहे.

३. पक्ष्याची कथा काय आहे?

संत सर्फ यांनी एक रॉबिन पाळला होता. तो त्यांच्या हातावर येऊन दाणे टिपत असे. मठातील मुलांच्या हिसकाहिसकीत तो मेला, आणि गुरूंचा आवडता शिष्य म्हणून मुलांचा ज्याच्यावर राग होता त्या मंगोवर त्यांनी आळ घेतला. मंगोने ते इवलेसे कलेवर ओंजळीत घेऊन प्रार्थना केली, तेव्हा पक्षी जिवंत झाला आणि उडत गुरूंकडे गेला.

या पक्ष्याचा अर्थ सहसा ‘पुनर्जन्म’ असा एका शब्दात सांगितला जातो. मला तो अपुरा वाटतो. कथेचा निम्मा भार खोट्या आळावर आहे, आणि ज्याच्यावर आळ आला त्याने आळ घेणाऱ्यांविरुद्ध चकार शब्द काढला नाही, हा भागही त्या पक्ष्याबरोबर ढालीवर आला आहे.

४. कथेत झाड नाही, फांदी आहे असे ऐकले. मग ढालीवर ओकचे झाड कुठून आले?

आपण ऐकले ते बरोबर आहे. मठातील पवित्र अग्नी रात्रभर तेवत ठेवण्याची पाळी मंगोवर आली असताना त्याला झोप लागली आणि त्याच मत्सरी मुलांनी अग्नी विझवला. जाग आल्यावर मंगोने बाहेर जाऊन हेझलच्या झाडाच्या गोठलेल्या फांद्या तोडून आणल्या आणि प्रार्थना करताच त्या पेटल्या.

चिन्हातील या फांदीचे पिढ्यान्‌पिढ्यांच्या चित्रणात हळूहळू झाड होत गेले, आणि १८६६ सालच्या अधिकृत वर्णनात (प्रश्न ११ पाहा) तर ‘ओकचे झाड’ असेच शब्द आले. त्यामुळे आजच्या चिन्हात हेझल शोधणे व्यर्थ आहे. चित्राची चूक दुरुस्त करावी, असेही काही वाचक सुचवतात. परंतु पक्ष्याला बसायला, घंटेला टांगायला आणि माशाला टेकायला या झाडानेच जागा दिली. चार सुट्या वस्तूंचे एक चित्र झाले ते फांदीचे झाड झाल्यामुळे.

५. घंटेमागेही चमत्कार आहे का?

नाही. चौघांत घंटाच अशी आहे की जिला चमत्काराचा आधार नाही आणि जिचा माग मात्र कागदोपत्री लागतो. पोपनी ही घंटा मंगो यांना दिली, असे परंपरा सांगते. मूळ घंटा आज अस्तित्वात नाही. १४५० साली शहराचे पहिले प्रमुख नगरपाल जॉन स्ट्युअर्ट यांनी संत मंगो यांच्या नावाची घंटा करवून घेण्यासाठी आणि ती शहरभर वाजवून लोकांनी आपल्या आत्म्यासाठी प्रार्थना करावी यासाठी देणगी ठेवली. पुढे १६४१ साली नगराधिकाऱ्यांनी नवी घंटा घेतली. ती शहराच्या पीपल्स पॅलेस संग्रहालयाच्या संग्रहात आहे.

चिन्हातील घंटेची घडण मुद्दाम पाहावी. चर्चच्या मनोऱ्यातील घंटा खाली पसरट होत जाते, तर ही वर कडी असलेली, चौकोनी अंगाची, हातात धरून हलवायची घंटा आहे. आयर्लंड आणि स्कॉटलंडमधील आरंभीचे ख्रिस्ती साधू अशाच घंटा बाळगत असत. अधिकृत वर्णनातही तिला ‘प्राचीन हातघंटा’ म्हटले आहे.

६. माशाच्या तोंडात अंगठी का आहे?

स्ट्रॅथक्लाइडचा राजा रिडर्ख याने आपली राणी लँग्वोरेथ हिला एक अंगठी दिली होती. राणीने ती एका तरुण सरदाराला दिली. शिकारीनंतर तो सरदार नदीकाठी झोपलेला असताना राजाला त्याच्या बोटात ती अंगठी दिसली. राजाने ती हळूच काढून क्लाइड नदीत फेकली आणि घरी येऊन राणीकडे तीच अंगठी मागितली. दाखवता आली नाही तर मृत्यू, अशी अट होती. राणीने मंगो यांच्याकडे निरोप पाठवून सारे कबूल केले. मंगो यांनी आपल्या एका साधूला गळ घेऊन नदीवर धाडले आणि हाती लागलेला पहिला मासा आणायला सांगितले. त्या सॅमनच्या पोटात अंगठी निघाली आणि राणी वाचली.

नव्या काळात सांगताना राणीला सरसकट निर्दोष ठरवले जाते. मंगो यांच्या बाराव्या शतकातील चरित्रात (प्रश्न १३ पाहा) तसे नाही. तेथे राणीचे पाऊल घसरलेले आहे आणि संत ते जाणून आहेत. दोषी माणसालाही पश्चात्तापाची संधी मिळावी, यासाठी त्यांनी तिचा जीव वाचवला. राणीला निर्दोष केल्याने ही कथा हलकी होते, असे माझे स्पष्ट मत आहे. दयेची गरज दोषी माणसाला अधिक असते आणि ढालीवरचा मासा नेमके तेच सांगतो.

७. ही तर शाकुंतलातील मुद्रिकेची कथा झाली. ती भारतातून तिकडे गेली का?

मराठी वाचकांकडून सर्वाधिक येणारा प्रश्न हाच आहे, आणि तो स्वाभाविकही आहे. कालिदासाच्या नाटकात शकुंतलेच्या बोटातून शचीतीर्थात पडलेली दुष्यंताची अंगठी रोहित माशाच्या पोटात सापडते, कोळ्याला चोर समजून पकडले जाते आणि अंगठी पाहताच राजाला सारे आठवते. महाभारतातील शकुंतलोपाख्यानात ही अंगठी नाही. समुद्रात टाकलेली अंगठी माशाच्या पोटातून परत येण्याची गोष्ट सामोसचा राजा पॉलिक्रेटीस याच्याविषयी ग्रीक इतिहासकार हेरोडोटसनेही, इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात, लिहून ठेवली आहे. पाण्यात गेलेली वस्तू माशाने परत आणणे ही कल्पना अनेक लोकांच्या कथांत आढळते. एका कथेतून दुसरी निघाली असे म्हणायला केवळ साम्य पुरेसे नसते, त्यामुळे ग्लासगोची कथा भारतातून गेली असे म्हणता येणार नाही.

साम्यापेक्षा दोन्ही कथांतील फरक मला अधिक मोलाचा वाटतो. शाकुंतलात अंगठी सत्य उघड करते आणि विसरणाऱ्या राजाला त्याची चूक दाखवते. ग्लासगोच्या कथेत अंगठी सत्य झाकते आणि संतापलेल्या राजाच्या हातून होणारा वध टाळते. एकीकडे स्त्रीला न्याय मिळतो, तर दुसरीकडे क्षमा.

८. हा रॉबिन म्हणजे आपला दयाळ आणि हा सॅमन म्हणजे आपला रावस का?

दोन्ही नाहीत. चिन्हातील रॉबिन हा युरोपातील लहानसा, चेहऱ्यापासून छातीपर्यंत नारिंगी-तांबूस असलेला पक्षी आहे. आपल्याकडचे दयाळ आणि चिरक हे त्याच्याच कुळातील असले, तरी वेगळे पक्षी आहेत. रावसाला बाजारात ‘इंडियन सॅमन’ म्हणतात खरे, पण त्याचा या सॅमनशी काही संबंध नाही. ढालीवरचा मासा अटलांटिक सॅमन आहे. तो नदीत जन्मतो, समुद्रात वाढतो आणि अंडी घालायला पुन्हा नदीत चढतो.

क्लाइड नदीविषयी येथेच सांगून टाकतो. कारखान्यांच्या काळात नदी इतकी दूषित झाली होती की शहराजवळच्या पात्रातून सॅमन नाहीसा झाला होता. पाणी सुधारल्यावर १९८०च्या दशकात तो परतला. नगरचिन्हावर तीन-तीन सॅमन आणि नदीत एकही नाही, अशी अवस्था त्या शहराने कित्येक वर्षे पाहिली आहे.

९. ‘कधी न उडालेला पक्षी’ हे गाणे काय आहे? त्यात सगळे नकारार्थी का?

ग्लासगोमधील मुलांना पाठ असलेल्या चार ओळी आहेत. त्यांचा आशय असा: हा पक्षी कधी उडाला नाही, हे झाड कधी वाढले नाही, ही घंटा कधी वाजली नाही, हा मासा कधी पोहला नाही. कथांमध्ये मात्र पक्षी उडतो, फांदी पेटते आणि मासा अंगठी घेऊन येतो. यावरून कोणी म्हणतात की या ओळी चमत्कार नाकारण्यासाठी रचल्या गेल्या.

मला त्या उखाण्यासारख्या वाटतात. चित्रातला पक्षी उडत नाही, चित्रातली घंटा वाजत नाही, आणि समोर कोरलेल्या चिन्हाकडे बोट दाखवून ‘ओळखा पाहू’ असे विचारण्यासाठी ही रचना सोयीची आहे. चार वस्तू क्रमाने लक्षात राहाव्यात हा तिचा उपयोग आजही होतो. शाळेतील मुलाला चिन्हाचे अधिकृत वर्णन येत नसले तरी या चार ओळी येतात.

१०. ब्रीदवाक्याचा अर्थ काय, आणि ते अर्धवट आहे हे खरे का?

आज चिन्हावर असलेल्या इंग्रजी वाक्याचा अर्थ ‘ग्लासगोची भरभराट होवो’ एवढाच आहे. मूळ वाक्य याहून लांब होते. सतराव्या शतकात ट्रॉन चर्चच्या घंटेवर कोरलेल्या प्रार्थनेचा आशय असा की, हे प्रभो, तुझ्या वचनाच्या उपदेशाने आणि तुझ्या नामाच्या स्तुतीने ग्लासगोची भरभराट होऊ दे. १८६६च्या सनदेत त्याचे छोटे रूप आले. त्यात प्रभूही नाही आणि उपदेशही नाही. त्यामुळे प्रार्थनेचे रूपांतर शुभेच्छेत झाले.

हे छाटलेले वाक्य उद्योगधंद्यांच्या ऐन भरात असलेल्या शहराला शोभून दिसले. चारही चिन्हे एका संताची असताना वाक्यातून देवाला मात्र वगळलेले आहे, ही विसंगती जाणवणारे लोक ग्लासगोत तेव्हाही होते आणि आताही आहेत. पूर्ण वाक्य माहीत असेल तर चिन्ह अधिक चांगले कळते, म्हणून दोन्ही रूपे लक्षात ठेवावीत.

११. हे चिन्ह शहराने केव्हापासून वापरले? १८६६ हे साल सगळीकडे का येते?

वापर फार जुना आहे, अधिकृत मान्यता तुलनेने नवी. सुरुवात बिशपांच्या मोहरांपासून होते. बाराव्या शतकात राजा विल्यम याच्याकडून ग्लासगोला बाजारपेठेच्या गावाचे हक्क मिळाले, ते बिशप जोसेलिन यांच्या काळात. शहर बिशपांच्या सत्तेखाली असल्याने त्यांच्या मोहरेवरची चित्रे हीच पुढे गावाची ओळख झाली. १२७१ ते १३१६ या काळात बिशप असलेल्या रॉबर्ट विशार्ट यांच्या मोहरेवर अंगठीच्या कथेतील प्रसंगच कोरलेला आहे. मेणावर उमटणाऱ्या त्या लहानशा आकृतीत राजा, राणी आणि मासा घेऊन आलेला साधू एवढी माणसे बसवली आहेत. ज्यांना वाचता येत नव्हते, त्यांनाही दस्तऐवज कोणाचा हे मोहरेवरून कळत असे.

पुढे कित्येक शतके नगरपरिषदेने ही चार चिन्हे कमीअधिक फरकाने वापरली. स्कॉटलंडमध्ये चिन्हांची नोंद लॉर्ड लायन या राज्याधिकाऱ्याकडे असते आणि १६७२ च्या कायद्याने सुरू झालेल्या अधिकृत नोंदवहीत ग्लासगोचे नाव नव्हते. वेगवेगळ्या छपाईत आणि कोरीवकामात चिन्ह वेगवेगळे दिसू लागले, तेव्हा १८६६ साली लॉर्ड लायन यांच्याकडून रीतसर सनद घेण्यात आली. प्रश्न १ मधील वर्णन त्या सनदेतील आहे. स्थानिक स्वराज्य संस्थांची फेररचना १९७५ आणि १९९६ साली झाली. त्या दोन्ही वेळी जुनी परिषद जाऊन नवी आल्यामुळे चिन्ह नव्या परिषदेच्या नावे पुन्हा द्यावे लागले. चिन्ह शहरातील जमिनीला किंवा रहिवाशांना मिळत नाही, ते एका विशिष्ट संस्थेला मिळते. ती संस्था संपली की तिचा हक्कही संपतो.

१२. स्कॉटलंड तर संतपूजा नाकारणारा देश झाला. मग बिशपचे चित्र चिन्हावर कसे टिकले?

१५६०च्या धर्मसुधारणेनंतर स्कॉटलंडमध्ये संतांच्या मूर्ती, समाध्या आणि यात्रा यांना मान्यता उरली नाही. अनेक जुनी चर्चे उद्ध्वस्त झाली. ग्लासगोचे कॅथीड्रल मात्र जवळजवळ शाबूत राहिले. पक्षी, झाड, घंटा आणि मासा तोवर गावाची खूण म्हणून इतके रुळले होते की त्यांच्याकडे कोणी पूजेच्या वस्तू म्हणून पाहत नव्हते. व्यापाऱ्याच्या पावतीवर आणि गावाच्या मोहरेवर असलेला मासा काढून टाकण्याचे कारण कोणाला दिसले नाही.

संतांची बिशपच्या वेषातील अर्धाकृती १८६६ च्या सनदेत दिसते. तोपर्यंत तीन शतके उलटून गेली होती आणि संत मंगो शहराचे संस्थापक पुरुष म्हणून सर्वांना चालण्यासारखे झाले होते. पंथाचे वाद या शहराला नवे नाहीत, तरी कॅथलिक आणि प्रोटेस्टंट या दोन्ही पंथांच्या लोकांनी हे चिन्ह आपले मानले.

१३. या कथा खऱ्या आहेत का?

मंगो नावाचे धर्मगुरू होऊन गेले, याबद्दल अभ्यासकांना सहसा शंका नाही. परंतु त्यांचे सविस्तर चरित्र फर्नेसच्या मठातील जोसेलिन या साधूने ११८५ च्या सुमारास लिहिले, म्हणजे संतांच्या निधनानंतर साडेपाचशेहून अधिक वर्षांनी. (प्रश्न ११ मधील बिशप जोसेलिन निराळे. चरित्र त्यांच्यासाठीच लिहिले गेले, त्यामुळे दोन नावांची गल्लत नेहमी होते.) कॅथीड्रल मोठे व्हावे, यात्रेकरू यावेत, अशी गरज असतानाचे ते लेखन आहे. म्हणून त्यातील प्रसंग सहाव्या शतकाचा पुरावा म्हणून देऊ नयेत. बाराव्या शतकातील ग्लासगोला आपला संत कसा असावा असे वाटत होते, याचा मात्र तो उत्तम पुरावा आहे.

१४. चिन्हातील रंगांचे अर्थ काय आहेत?

‘पांढरा म्हणजे शांती, हिरवा म्हणजे आशा’ अशी कोष्टके सर्वत्र फिरतात. ग्लासगोच्या सनदेत रंगांना असा कोणताही अर्थ दिलेला नाही, आणि ढालचिन्हांच्या शास्त्रातही रंगांचे ठरलेले अर्थ नसतात. ढालीचा पृष्ठभाग रुपेरी, उंचवटा हिरवा, मुद्रिका सोनेरी आणि बाकीच्या वस्तू त्यांच्या नैसर्गिक रंगात, एवढीच सूचना आहे. निबंधात रंगांचे अर्थ घालण्याचा मोह टाळावा.

१५. अधिकृत वर्णनात घंटा डाव्या बाजूला म्हटली आहे, चित्रात ती उजवीकडे दिसते. चूक कोणाची?

चूक कोणाचीच नाही. ढालचिन्हाचे वर्णन ढाल धरणाऱ्या माणसाच्या बाजूने केले जाते. ढालीमागे उभ्या असलेल्या माणसाचा डावा हात समोरून पाहणाऱ्याच्या उजवीकडे येतो. म्हणून वर्णनातली डावी बाजू आपल्याला चित्रात उजवीकडे दिसते. हा नियम सर्वच ढालचिन्हांना लागू आहे.

१६. दोन ठिकाणी पाहिलेली चिन्हे अगदी वेगळी होती. खरे कोणते?

बहुधा दोन्ही. सनदेतील शब्द हे खरे चिन्ह आहे आणि चित्र हे त्या शब्दांचे एक रूप आहे. झाड डेरेदार काढावे की मोजक्या पानांचे, पक्ष्याचे तोंड कसे असावे, ढालीचा आकार कोणता घ्यावा, हे चित्रकारावर सोपवलेले असते. मासा उताणा असणे, मुद्रिका त्याच्या तोंडात असणे आणि पक्षी शेंड्यावर असणे यांत मात्र बदल चालत नाही. मासा पोटावर दाखवला असेल, तर ते सनदेप्रमाणे काढलेले नाही, असे समजावे.

१७. एवढे मोठे बंदर आणि जहाजबांधणीचे केंद्र, मग चिन्हावर जहाज का नाही?

चिन्ह आधीचे आहे, जहाजे नंतरची. क्लाइडचे पात्र शहरापाशी उथळ होते. ते खोल करण्याचे मोठे काम अठराव्या शतकापासून पुढे झाले आणि त्यानंतर जहाजबांधणी बहरली. तंबाखू आणि साखर यांचा अटलांटिकपारचा व्यापारही त्याच काळातला, आणि त्या संपत्तीत गुलामांच्या श्रमाचा वाटा होता. भारतातील रेल्वेमार्गांवर धावलेली वाफेची अनेक इंजिनेही ग्लासगोतच घडली. १८६६ साली सनद घेताना यातले काहीही ढालीवर घालता आले असते. शहराने तसे केले नाही, हा निर्णय मला शहाणपणाचा वाटतो. कारखाने आज बहुतांशी गेले आहेत.

१८. ग्लासगो विद्यापीठाच्या चिन्हावरही हीच चित्रे आहेत. दोन्ही एकच आहेत का?

नाही. विद्यापीठ १४५१ साली स्थापन झाले, तेही बिशपांच्या पुढाकाराने, म्हणून पक्षी, झाड, घंटा आणि मासा तेथेही आले. विद्यापीठाच्या ढालीवर याशिवाय राजदंडासारखा समारंभदंड आणि उघडे पुस्तक आहे. त्याचे ब्रीदवाक्य लॅटिन असून ‘मार्ग, सत्य, जीवन’ असा त्याचा अर्थ आहे. पदवीपत्रावरील चिन्हाला नगरचिन्ह म्हणू नये.

१९. दोन दिवस हाती असतील तर हे चिन्ह कुठे कुठे पाहावे?

सुरुवात जॉर्ज चौकातील सिटी चेंबर्स या १८८८ साली सुरू झालेल्या नगरभवनापासून करावी. आत शिरताच पायाखालच्या जमिनीवर रंगीत तुकड्यांच्या नक्षीत संपूर्ण चिन्ह जडवलेले आहे. प्रश्न १ मधील वर्णन हातात धरून एकेक भाग जुळवायला यापेक्षा चांगली जागा नाही. तेथून कॅथीड्रलकडे जावे. बाहेरच्या दिव्यांच्या खांबांवर पक्षी, झाड, घंटा आणि मासा घडवलेले आहेत. खांबाजवळ उभे राहून वर पाहिले की झाडाचा आकार दिव्याच्या खांबाला किती सहज जुळला आहे हे दिसते. आत खालच्या दालनात संतांची समाधी आहे.

कॅथीड्रलशेजारी संत मंगो यांच्या नावाचे सर्वधर्मीय कला व जीवन यांचे संग्रहालय १९९३ साली उघडले. त्याच्या संग्रहात कांस्य नटराजही आहे. जवळच्या हाय स्ट्रीटवर एका इमारतीच्या उभ्या भिंतीवर साध्या आधुनिक कपड्यांतला माणूस बोटावर रॉबिन घेऊन उभा असलेले प्रचंड भित्तिचित्र आहे. ते २०१६ मधले आहे. कथा ओळखण्यासाठी त्यावर एकही शब्द लागत नाही. वेळ उरल्यास केल्व्हिनग्रोव्ह संग्रहालयाच्या दारावरील संत मंगो यांचे शिल्प पाहावे.

२०. आमच्या मंडळाच्या गणेशोत्सवाच्या पत्रकावर किंवा टी-शर्टवर हे चिन्ह छापले तर चालेल का?

परवानगीशिवाय छापू नये. स्कॉटलंडमध्ये ढालचिन्ह ही ज्याला दिली त्याची मालमत्ता असते (प्रश्न ११ चा शेवट पाहा) आणि तिचे रक्षण करायला लॉर्ड लायन यांचे स्वतंत्र न्यायालय आहे. १५९२ आणि १६७२ चे कायदे आजही लागू आहेत. शहरात राहतो म्हणून शहराचे चिन्ह वापरण्याचा हक्क मिळत नाही.

अडचण एवढ्यावर थांबत नाही. ‘आम्ही स्वतःची ढाल काढतो, तिच्यावर मंडळाची अक्षरे घालतो’ हा पर्यायही सुरक्षित नाही, कारण नोंदणी न केलेले ढालीसारखे चिन्ह वापरणे हासुद्धा आक्षेपाचा विषय होतो. एअर युनायटेड आणि एअरड्रिओनियन्स या फुटबॉल क्लबांना याच कारणाने आपली बोधचिन्हे बदलावी लागली.

मंडळाने पुढील मार्ग धरावा. ढालीचा आकार टाळावा. रॉबिन किंवा मासा यांपैकी एखादे चित्र स्वतःच्या हाताने, गोल किंवा मोकळ्या मांडणीत काढावे. संतांची आकृती, दोन्ही बाजूंचे सॅमन आणि ब्रीदवाक्याची पट्टी यांची नगरचिन्हासारखी जुळणी करू नये. मूळ चिन्हच हवे असेल, उदाहरणार्थ नगरपरिषदेने कार्यक्रमाला सहकार्य केले असेल, तर परिषदेकडे लेखी अर्ज करून त्यांच्याकडूनच चित्र मागून घ्यावे आणि पत्रक छापायला देण्यापूर्वी त्याची प्रत त्यांना दाखवावी.